साडीच्या बदल्यात आलेला कंगवा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसताना जे अष्टौप्रहर आमच्या दारात उभे होते त्या समस्त शेजाऱ्यांस तर विशेष आदरपूर्वक, जाहीर करण्यात येते की, आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासात स्मरणशक्ती विकत आणण्याचा प्रसंग एकदाच आला. ती आणली. बसवली. आणि ज्याच्यासाठी आणली त्याने ती ओळखण्यास साफ नकार दिला. सबब, घडलेला वृत्तान्त खाली देत आहे. वाचकांनी तो बसून वाचावा. आम्ही उभ्याने सोसलेला आहे.

आम्ही तेव्हा करी रोडच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. गॅलरीतून गिरणीची चिमणी दिसायची, तिच्यातून धूर मात्र दिसायचा नाही. संपाला बरीच वर्षं होऊन गेली होती. बाबा त्या गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. संप मिटल्याचं आपल्याला अजून कुणी अधिकृतपणे कळवलेलं नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मधल्या काळात त्यांनी एका गोदामावर रखवाली केली, मग ते गोदामही गेलं, आणि आईच्या खानावळीवर घर चाललं. पुढे खानावळीत जेवणारेच गावाला निघून गेले. अशा त्या खोलीत, पोटमाळ्याच्या शिडीशेजारी, एका लोखंडी टेबलावर माझ्या मोठ्या बहिणीचा कॉम्प्युटर होता.

कॉम्प्युटर कसला, गेल्या दिवाळीनंतर दादरच्या एका ऑफिसने टाकून दिलेलं ते धूड होतं. पांढरा रंग पिवळा पडून त्याला जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांची कळा आली होती. सुरू करताना तो आधी खाकरायचा, मग काळ्या पडद्यावर कोपऱ्यात पांढरे आकडे टिक् टिक् करत चढू लागायचे. आपल्या डोक्यात किती मावतं हे तो रोज सकाळी स्वतःशी मोजून बघत असे. ठरलेल्या आकड्यावर आला की थांबायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. टॅक्सीचं मीटर पडावं तसा तो आवाज सगळ्या मजल्याला पाठ झाला होता. पलीकडच्या खोलीतल्या काकू त्यावर भाताची शिट्टी लावत.

ताई त्याच्यावर लग्नपत्रिका करायची. लग्नपत्रिका, मुंजी, वास्तुशांती, सत्यनारायणाच्या पूजेची आमंत्रणं. लालबागपासून परळपर्यंत ती 'लग्नपत्रिकावाली' म्हणूनच ओळखली जायची, आणि गॅलरीत नळावर यावरून जे बोललं जायचं ते तिला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात बोललं जायचं. सगळ्या जगाच्या पत्रिका करते, स्वतःची कधी करणार, वगैरे. ताई कळशी भरून निघताना म्हणायची, माझी पत्रिका करीन तेव्हा तुमच्या नावापुढे 'सहकुटुंब' घालायचं की नाही ते तुमच्या आजच्या वागण्यावर आहे. नळ शांत.

पण तिला त्या बोलण्याचं नव्हतं वाईट वाटत. तिचं दुखणं निराळंच होतं. पत्रिकेवर सगळ्यांची नावं असतात. वराचं, वधूचं, आजोबांचं, अमेरिकेतल्या मामाचं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या दीड वर्षाच्या चिमणीचंसुद्धा. जिने ती अक्षरं एकेक करून लावली तिचं नाव कुठेच नसतं.

म्हणून गिरगावातल्या त्या म्हाताऱ्या संपादकांनी जेव्हा आपला अख्खा दिवाळी अंक तिच्या हाती दिला तेव्हा ती जिन्यावरून चालत आली नाही, अवतरली. संपादक म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. वर्षभर पेन्शन घ्यायचे आणि दिवाळीला अंक काढून ती घालवायचे. त्यांनी ताईला सांगितलं होतं की अंकाच्या पहिल्या पानावर, जिथे मुद्रकाचं आणि चित्रकाराचं नाव येतं, तिथे 'अक्षरजुळणी' म्हणून तिचं नाव येईल. पूर्ण नाव. मात्र सगळी पानं ठरलेल्या दिवशी छापखान्यात गेली पाहिजेत. नाही गेली तर दादरला एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे दोन मशिनं आहेत, मग काम त्यांच्याकडे आणि नावही त्यांचं. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. मास्तर माणूस, गृहपाठ सांगावा तसं सांगितलं. त्यामुळे ते जास्त लागलं.

कथा झाल्या, कविता झाल्या, राशिभविष्य झालं. अडलं ते जाहिरातींच्या पानांवर. सराफांच्या जाहिराती, मिठाईवाल्यांच्या जाहिराती, त्यात हारांचे आणि बर्फीचे फोटो. असं पान उघडलं की आमचं धूड घुसमटायचं. पडद्यावर अर्धी बर्फी उमटायची आणि सगळं जागच्या जागी गोठायचं. बाबा मागे खुर्ची टाकून बसलेलेच असत. साच्यामागे उभं राहायची सवय जात नव्हती. पडदा गोठला की ते शांतपणे म्हणत, "धागो तुटलो." गिरणीत धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारायची आणि पुन्हा चालू करायचा. इथे गाठ कुठे मारायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई बटण बंद करायची, चालू करायची, आकडे टिक् टिक् करत त्याच आकड्यावर येऊन थांबायचे, आणि बर्फी पुन्हा अर्धी.

आता या नाट्यात माझा प्रवेश. मी दादरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या कोर्सात मी नेमकं काय शिकलो हे मला आज सांगता येणार नाही, तेव्हाही आलं नसतं. पण मी एकांकिकांच्या तालमींना जायचो, त्यामुळे जे येत नाही ते ठासून सांगण्याचं शिक्षण मात्र पक्कं झालं होतं. मी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली, चष्मा काढला, पुसला आणि निदान केलं. याची मेमरी कमी पडते. नवीन मेमरी घालावी लागेल. आईने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, याला आठवत नाही. आईने माझ्याकडे आणि मग बाबांकडे असं काही पाहिलं की घरात आधीच दोन आहेत हे तिला सांगायची गरज पडली नाही.

पैशाचा प्रश्न ताईने एका वाक्यात सोडवला. हिंदमाताला जाऊन आईला आणि तिला दिवाळीच्या साड्या घ्यायच्या होत्या, त्या या वर्षी नकोत. हिंदमाताच्या दुकानात गादीवर बसून शंभर साड्या उलगडायला लावायच्या आणि पहिलीच घ्यायची, हा तिचा वर्षाचा एकमेव चैनीचा कार्यक्रम. तो तिने सोडला तेव्हा तिची अपेक्षा अशी असणार की साडीच्या मोलाची वस्तू निदान साडीच्या आकाराची तरी असेल.

मी आणि ताई लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, गेलो आणि मेमरी घेऊन आलो. हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन, खालच्या कडेला सोनेरी दात. आईने पदराला हात पुसून ती तळहातावर घेतली. उलटी केली. सुलटी केली. दात मोजावेत तशी बघितली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "साडयेच्या बदल्यात ह्यो कंगवो आणलंस?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नाव कंगवा पडलं ते कायमचं.

कंगवा बसवण्याचा समारंभ मी शनिवारी दुपारी ठेवला. 'ठेवला' म्हणायचं कारण, गॅलरीत आधी वर्दी गेली होती. दारात प्रेक्षक जमले. मी बाह्या सरसावल्या, मागचे स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण उचललं, आणि आतल्या तारांच्या जंजाळाकडे ओळखीचं हसलो. आत मेमरीसाठी शेजारीशेजारी दोन खाचा होत्या. पहिलीत जुनी पट्टी होती, दुसरी रिकामी. दुसऱ्या खाचेत मी कंगवा उभा केला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. खाचेच्या दोन टोकांना दोन चिमट्या असतात, त्या पट्टीला दोन्हीकडून धरतात. एका बाजूची चिमटी टक्कन बसली. दुसऱ्या बाजूची जरा नखरा करत होती, पुरती मिटेना. मी म्हटलं, नवीन आहे, नवीन चपलेसारखं सुरुवातीला घट्टच असणार, होईल सैल.

बटण दाबलं. यंत्र खाकरलं. आकडे चढू लागले. टिक् टिक् टिक्. दारातले सगळे माना उंच करून बघत होते. आकडे जुन्या मुक्कामापाशी आले आणि तिथेच थांबले. एक घरही पुढे सरकले नाहीत. जणू दुसऱ्या खाचेत कुणी आलंच नव्हतं. एवढा साडीच्या भावाचा पाहुणा घरात घेतला, आणि यजमान त्याच्याकडे पाठ करून नेहमीची पोथी वाचत बसला.

मी काढला, पुन्हा घातला. पुन्हा तेच. मग क्लासमध्ये कानावर पडलेला एक उपाय मला आठवला, सोनेरी दात खोडरबराने घासायचे. घासले. आधी मी घासले, मग ताईने घासले, मग पलीकडच्या काकूंच्या मुलाचं सुगंधी खोडरबर आलं, त्याने घासले. कंगवा लखलखू लागला आणि त्याला स्ट्रॉबेरीचा वास येऊ लागला. यंत्राला काहीच वास आला नाही. दारातून सूचनांचा पाऊस सुरू होता. कुणी म्हणालं ब्राह्मी तेल, कुणी म्हणालं बदाम. तळमजल्यावरच्या एका निवृत्त हेडक्लार्कांनी खास वर येऊन मत दिलं की नवीन भरती झालेल्या माणसाला रुजू करून घ्यायला कुठल्याही ऑफिसात महिना जातोच. महिन्याने दिवाळी होऊन गेलेली असेल, असं ताई म्हणाली, आणि ती तेव्हा हसत नव्हती.

एक सांगायला हवं. बाबा एरवी या यंत्राच्या प्रत्येक दुखण्याला मागे उभे असत. त्या दुपारी ते बाहेर गॅलरीत जाऊन चिमणीकडे बघत बसले. मला वाटलं, गर्दी फार झाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सोमवारी आम्ही दोघं पुन्हा लॅमिंग्टन रोडवर. रस्त्याने जाताना मी ताईला दुकानदाराशी कसं बोलायचं त्याची तालीम दिली. आधी सौम्य, मग थंड, मग शेवटी ग्राहकाच्या हक्कांवर स्वगत. दुकानदाराने पहिलं वाक्यही पुरं करू दिलं नाही. कंगवा हातातून घेतला, काउंटरवरच्या त्याच्या उघड्या यंत्रात खुपसला, बटण दाबलं. आकडे सुसाट निघाले. त्याने कंगवा काढून परत माझ्या हातावर ठेवला, नाक वर करून एकदा हुंगलं, आणि विचारलं, "इसको साबण लगाया क्या?"

माझं स्वगत मी खिशात घालून परत आणलं.

म्हणजे कंगवा चांगला. मग दोष यंत्राचा. आणि यंत्राचा दोष असेल तर संपलंच सगळं, कारण नवीन यंत्र घ्यायला हिंदमाताचं अख्खं दुकान रद्द करावं लागलं असतं. त्याच संध्याकाळी संपादक आले. तीन जिने चढून आल्यामुळे आधी बराच वेळ ते फक्त श्वास घेत होते. आईने चहा दिला. पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, जाहिरातींची पानं? ताईने खरं ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, बाळ, बुधवारी छापखाना पानं घेणार, मी बुधवारी सकाळपर्यंत थांबतो. मग पिशवी उचलताना, जणू काही विचारायचंच म्हणून, त्यांनी तिचं नाव कसं छापायचं ते विचारलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असंच ना? ताई हो म्हणाली. ते जिना उतरेपर्यंत ती दारात उभी होती, आणि मग आत येऊन तिने जाहिरातीचं पान उघडलं, आणि अर्धी बर्फी उमटून पडदा गोठला. बाबा मागे बसले होते. त्या दिवशी ते 'धागो तुटलो' म्हणाले नाहीत.

आता शेवटचा उपाय म्हणजे माझा एक कॉलेजमित्र. खोताच्या वाडीत राहायचा. त्यांच्या घरापुढच्या लाकडी ओसरीवर मदर मेरीच्या तसबिरीखाली तो लोकांची यंत्रं उघडून बसायचा. त्याला आमच्या घरी आणायचं म्हणजे त्याच्या हत्यारांच्या पेटीसह, आणि आई सुक्या बोंबलाचं कालवण करील या अटीवर. मंगळवारी दुपारी तो आला. आधी जेवला. मग ताटावरून उठून, हात पुसत, यंत्राचं झाकण काढलं.

त्याने एक साधी गोष्ट केली, जी मला क्लासमध्ये शिकवली असेल तर त्या दिवशी मी तालमीला गेलो असणार. कंगवा बाजूला ठेवला. पहिल्या खाचेतली जुनी, भरवशाची पट्टी काढून दुसऱ्या खाचेत घातली. बटण दाबलं. यंत्राने आकडे मोजले नाहीत की खाकरलं नाही. ते नुसतं पीं पीं करून किंचाळत राहिलं. गॅलरीतून दोन घरांनी विचारलं, काय झालं. मित्राने बटण बंद केलं.

"बॉस, रॅमला काही नाय झालेलं. तुझा दुसरा स्लॉट मेलाय."

त्याने आईला बॅटरी धरायला सांगितली आणि दुसऱ्या खाचेत डोळा घातला. बराच वेळ बघितलं. म्हणाला, एका टोकाला तळाशी काहीतरी जळलंय, लाल पडलंय. मी बघितलं. खरंच, काळ्या खाचेच्या तळाला काहीतरी बारीक, लालसर होतं. मी तत्काळ जाहीर केलं की हा गंज आहे, मुंबईची खारी हवा. हेडक्लार्क वर आलेच होते, त्यांनी बघून सांगितलं की फ्यूज असावा. काकूंनी बघितलं आणि त्यांना ते ढेकणाचं अंडं वाटलं. एकेक जण वाकून बघत होता आणि आपापलं मत देऊन बाजूला होत होता. रांगच लागली, सत्यनारायणाच्या तीर्थाला लागते तशी.

ताई मात्र खाचेत बघतच नव्हती. ती बाबांकडे बघत होती. कॉम्प्युटरचा पंखा जरा वेगळा वाजला तरी उठून येणारा माणूस, मजल्यावरचे सगळे वाकून गेले तरी खुर्चीत बसून होता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याचं असं लक्ष लागलं होतं की जणू त्यात त्याचं नाव छापून आलंय.

ती म्हणाली, "बाबा, सगळे बघून गेले. तुम्ही नाही बघणार?"

बाबा कॅलेंडरलाच म्हणाले, "माका म्हायत आसा ता काय आसा."

आईने बॅटरीचा झोत खाचेवरून बाबांकडे वळवला.

मग हळूहळू, एकेक वाक्य ओढून काढत, ते बाहेर आलं. गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी साचे तेलपाणी करून लख्ख करायचे, आंब्याच्या पानांची तोरणं, झेंडूच्या माळा, आणि हळद-कुंकू, अक्षता थेट धोट्याला, जिथून धागा जातो तिथे. संपानंतर बाबांच्या हातात साचा राहिला नव्हता. ते दर दसऱ्याला ट्रंकेतून आपली सूत कापायची लहान कात्री काढायचे, पाटावर मांडायचे आणि तिला कुंकू लावायचे. कात्री कसली, अंगठ्याएवढी. या वर्षी, किती वर्षांनी, घरात पुन्हा खरोखरचं चालतं यंत्र होतं. दसऱ्याच्या सकाळी ताई गिरगावात संपादकांकडे गेली होती, मी तालमीला, आई पुरीच्या तेलापाशी. बाबांनी आधी पडद्यावर माळ घातली, वरच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, कौतुकही केलं होतं. पण पत्र्यावर स्वस्तिक काढून त्यांचं समाधान झालं नाही. धूळ झाडायला मी यंत्र उघडायचो, तेव्हा झाकण कसं काढायचं हे ते माझ्या मागे उभं राहून कितीदा पाहत आलेच होते.

"म्हणून आत लावलंत?" ताईने विचारलं.

आता मात्र बाबा वळले. गुन्हा कबूल झाला होता, पण तत्त्व शिल्लक होतं.

"यंत्राची पूजा काय पत्र्याक करतत? माणसाक गंध लावतत ता कपाळाक. शर्टाक लावतत काय?"

हेडक्लार्कांनी मान डोलावली.

मी विचारलं की एवढ्या मोठ्या यंत्रात त्यांना नेमकी हीच जागा कशी सापडली. त्यावर ते माझ्याकडे, इतकं शिकवून फुकट गेलं अशा नजरेने बघत म्हणाले, "दोन खाची होते. एक भरलेली, एक रिकामी. रिकामी जागा कोण कित्याक ठेवीत? मी म्हटलंय, ही देवाचीच."

आईने एव्हाना बॅटरी विझवून ठेवली होती. ती म्हणाली, "आणि नैवेद्य खंय दाखवलात? ता पण सांगून टाका. मुंग्ये येवच्या आधी काढूक बरा."

मित्र हसून हसून पोटमाळ्याच्या शिडीवर बसला. त्याला आधी अक्षत म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं होतं, आणि समजल्यावर तर तो अधिकच हसला. हे आमच्या वाडीत सांगितलं तर मला कुणी बोंबील खायला घालणार नाही, सगळे खोटं म्हणतील, असं तो म्हणत होता. खाचेच्या तळाशी, अगदी एका टोकाला, कुंकवात भिजवलेला तांदळाचा एकच दाणा रुतून बसला होता. कंगव्याचा तेवढा कोपरा त्याच्यावर टेकत होता, म्हणून एक चिमटी मिटत नव्हती, म्हणून सोन्याचे दात तळाशी पोचत नव्हते. मी ज्याला नवी चप्पल म्हणत होतो तो बाबांचा दसरा होता.

दाणा ताईने काढला. मित्राजवळ चिमटे होते, पण तिने त्याचा हात बाजूला केला, केसांतला आकडा उपसला, आणि श्वास रोखून त्या खाचेत घातला. दाणा आकड्याच्या टोकावर आला तेव्हा तिने तो फेकला नाही. बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी तो निमूटपणे देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मित्राने ब्रशने खाच झाडली, उरलेली लाली फुंकून काढली, जुनी पट्टी तिच्या जागी गेली आणि कंगवा त्याच्या. दोन्ही चिमट्या मिटल्या. टक्, टक्.

बटण ताईने दाबलं. यंत्र खाकरलं. आकडे चढू लागले. या वेळी दारातून एकही सूचना आली नाही. बाबा तिच्या खुर्चीमागे, साच्यामागे उभे राहत तसे, हात मागे बांधून उभे. टिक् टिक् टिक्. जुना मुक्काम जवळ आला. मला आठवतं, ताईने डोळे मिटले. मुक्काम आला. आकडा त्याच्यावरून, स्टेशन न घेणाऱ्या गाडीसारखा, पुढे निघून गेला. तो चढतच राहिला, इतका वेळ की पलीकडच्या काकू भाताची शिट्टी चुकली म्हणून धावत सुटल्या.

मग ताईने जाहिरातीचं पान उघडलं, आणि बर्फी पूर्ण उमटली. वरचा चांदीचा वर्खसुद्धा. आई ती बर्फी बघत थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, कंगव्याने केस बरे विंचरले.

बुधवारी सकाळी पानं गेली. ताई स्वतः छापखान्यात देऊन आली, कुणाच्या हाती पाठवली नाहीत.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संपादक पुन्हा तीन जिने चढले. पिशवीत अंक होता. छापखान्यातून आलेली पहिलीच प्रत, अजून शाईचा वास जात नव्हता. ती कुणालाही न दाखवता आधी इथे आणली, बाकीच्या संध्याकाळी येतील, असं ते श्वास मिळाल्यावर म्हणाले. ताईने अंक घेतला, पहिलं पान उघडलं, आणि बाबांच्या हातात दिला. मुद्रक, चित्रकार, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात 'अक्षरजुळणी'. पुढे तिचं नाव, मध्ये बाबांचं, मग आडनाव. बाबांनी चष्मा लावला. ओळीखालून बोट फिरवत वाचलं. बोट मधल्या नावाशी थोडं थांबलं, मग पुढे गेलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गिरणीच्या हजेरीपटानंतर त्यांचं नाव कुठल्या कागदावर असं ओळीने आलं नव्हतं, पण ते तसं काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, पाट मांडा.

आईने पाट मांडला, समई लावली. संपादकांना खुर्ची दिली, ते भारावून हात जोडून बसले. बाबा देव्हाऱ्यातून करंडा घेऊन आले, फुलपात्रातल्या पाण्यात कुंकू चांगलं ओलं केलं, चिमूटभर अक्षता घेतल्या. अंक पाटावर मिटलेला होता. बाबांनी तो उघडला. शांतपणे पहिलं पान काढलं, डाव्या हाताने सपाट केलं, आणि लालभडक, निथळतं बोट त्या बारीक अक्षरांच्या ओळीवर नेलं.

संपादक आल्यापासून एक अक्षर न बोललेली माझी बहीण ओरडली, "बाबा, बाहेरून! बाहेरून लावा!"